पदवी आहे, पद नाही

इंदुरात एमएससी नर्सिंग झालेली परिचारिका भेटायला हवी असेल, तर रुग्णालयाच्या वॉर्डात शोधण्यात वेळ घालवू नये. नर्सिंग कॉलेजात जावं. तिथे ती फळ्यासमोर उभी असते, किंवा तपासणीचं पथक येणार म्हणून रजिस्टरं पुरी करत बसलेली असते. चार वर्षं बीएससी, मग निदान एक वर्ष वॉर्डात, मग दोन वर्षं पदव्युत्तर शिक्षण. आजारी माणसाकडे बघायला शिकण्यात जिनं सात वर्षं घातली, ती आजारी माणसाजवळ नसते. मीही त्यांतलीच. अकरा वर्षं आयसीयूत काढली, एमएससी केलं, आणि त्यानंतरची सतरा वर्षं वर्गात गेली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते आधी सांगायलाच हवं.

माझं म्हणणं असं आहे की आपल्याकडे नर्सिंगची पदव्युत्तर पदवी ही रुग्णापासून दूर नेणारी वाट झाली आहे. याचा दोष अभ्यासक्रमाकडे थोडा जातो, मंजूर पदांच्या यादीकडे फार जातो. वरच्या दर्जाचं काम करणाऱ्या परिचारिकेसाठी रुग्णालयात पदच नाही. पद नाही म्हणून वेगळा पगार नाही, लेखी अधिकार नाही, आणि वॉर्डात थांबायला कारणही नाही. सरकार आणि नर्सिंगचं नियमन करणाऱ्या परिषदा नव्या पदव्या काढत राहतात. आधी पद काढा, पदवी घ्यायला मुली आपोआप येतील.

एक रात्र सांगते. ती मी वर्गात कधी सांगितली नाही.

२००३ सालची गोष्ट. निमाडातली बावीस-तेवीस वर्षांची बाई, बाळंत होऊन चौथा दिवस, ताप म्हणून दोन दवाखाने फिरून संध्याकाळी आमच्याकडे आली होती. बाहेर बाकावर तिची सासू लुगड्याच्या पदरात बाळाला धरून बसलेली. रात्री अडीचच्या सुमारास मी तिच्याजवळ गेले तेव्हा श्वास मिनिटाला तीस, नाडी एकशेतीसच्या वर, तळपाय गार, आणि लघवीच्या पिशवीत दोन तासांत जेमतेम चमचाभर भर. रक्तदाब अजून बरा दिसत होता. पण इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्यावर पायाला हात लावला की कळतं. जंतुसंसर्ग रक्तात गेला होता आणि ती आता घसरणार होती. मी ड्यूटी डॉक्टरना फोन केला. ते खाली अपघात विभागात एकटे होते, तिथे मोटारसायकलवरची दोन मुलं आलेली. पुन्हा फोन केला. ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू तपासायच्या बाटल्या, सलाईनच्या दोन पिशव्या, ज्या प्रतिजैविकाची ऑर्डर येणार हे मला माहीत होतं त्याची कुपी, सगळं ट्रेमध्ये मांडून मी उभी राहिले. ऑर्डर यायला पन्नास मिनिटं लागली. त्या डॉक्टरांचा काही दोष नव्हता, त्यांना दोन ठिकाणी असता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पन्नास मिनिटं आधी सुरुवात झाली असती तर ती वाचली असती, असा दावा मी करत नाही. तिला उशीर आधीच्या दोन दवाखान्यांतही झाला होता. पण त्या पन्नास मिनिटांत काय करायला हवं हे मला ठाऊक होतं, सामान माझ्या हातात होतं, आणि केसपेपरवर सही करायचा अधिकार माझा नव्हता.

पुढे एमएससीच्या वेळी ग्रंथालयात एक शोधनिबंध वाचनात आला. कॅनडा आणि अमेरिकेतल्या आयसीयूंचा, २००६ साली प्रसिद्ध झालेला. संसर्गानं रक्तदाब कोसळल्यावर योग्य प्रतिजैविकाला जितके तास उशीर होतो, त्या प्रत्येक तासागणिक जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेलेलं त्यांना आढळलं होतं. तो आकडा वाचून मी वही मिटली आणि त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

आता यातली विसंगती पाहा. झाबुआ किंवा अलीराजपूरच्या एखाद्या उपकेंद्रात दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेली एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका असते. गरोदर बाईला झटके येऊ लागले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मग तिला पुढे पाठव, अशी परवानगी सरकारनंच तिला दिलेली आहे. बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर ऑक्सिटोसिन किंवा मिसोप्रोस्टॉल द्यायचीही. हे शहाणपणाचं पाऊल होतं, कारण तिथे डॉक्टर नाही आणि रक्तस्राव डॉक्टरची वाट बघत नाही. पण तीच बाई दोनशे किलोमीटरचा प्रवास करून इंदूरच्या आयसीयूत पोचली की तिच्या उशाशी उभ्या असलेल्या सात वर्षं शिकलेल्या परिचारिकेच्या हाती तेवढाही लेखी अधिकार नसतो. खेड्यात डॉक्टर नाही हे आपण मान्य केलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पहाटे तीन वाजता एका डॉक्टरच्या वाट्याला चाळीस रुग्ण असतात, म्हणजे एकोणचाळीस जणांजवळ तो नसतो, हे मान्य करायला मात्र आपण तयार नाही.

जगात हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीच पुढे आला. १९६५ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेऊन रुग्णाला तपासणारी आणि उपचार सुरू करणारी परिचारिका. कारण साधं होतं, दूरच्या वस्त्यांतल्या मुलांपर्यंत डॉक्टर पोचत नव्हते आणि परिचारिका आधीपासूनच तिथे होत्या. डॉक्टर आणि परिचारिका या दोघांनी मिळून ते केलं, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. आज तिथे नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, भूल देणारी परिचारिका आणि प्रसूतीतज्ज्ञ परिचारिका अशा चार वाटा आहेत, आणि त्यांत शिरायला निदान पदव्युत्तर शिक्षण लागतं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनंही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पदव्युत्तर पदवी हीच किमान पात्रता धरली आहे.

ब्रिटननं घाई केली नाही. १९९४ साली घरोघर जाणाऱ्या परिचारिकांना एका छोट्या यादीतली औषधं लिहून देण्याची मुभा प्रयोग म्हणून मिळाली. यादी हळूहळू वाढत गेली आणि २००६ साली, काही अंमली औषधं सोडून, वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला आपल्या कुवतीच्या क्षेत्रात कुठलंही औषध लिहिता येऊ लागलं. बारा वर्षं लागली. आणि श्रीमंत देशांचं सोडा, युगांडानं २००४ साली कायदा बदलून वेदनाशमनाचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना तोंडी घ्यायचं मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. कर्करोगानं तळमळणाऱ्या माणसाच्या घरी पोचणारी ती एकटीच असते, हे त्यांनी ओळखलं. आमच्या माळव्यातही ती एकटीच असते.

‘पण रुग्ण सुरक्षित राहतो का?’ हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मोजून मिळालेलं आहे. अमेरिकेत १३१६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून काहींना नर्स प्रॅक्टिशनरकडे, काहींना डॉक्टरकडे पाठवलं गेलं. २००० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक नव्हता. २०१८ साली, वैद्यकीय प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात असे अठरा प्रयोग एकत्र पाहिले गेले. प्राथमिक उपचारांत प्रशिक्षित परिचारिकांचे परिणाम डॉक्टरांइतके किंवा थोडे बरे, रुग्णांचं समाधान जास्त, आणि एका रुग्णाला दिलेला वेळही जास्त. हे सगळं नीट शिकवलेल्या आणि नीट नेमलेल्या परिचारिकांबद्दल आहे, हे मी स्वतःहून सांगते. रस्त्यावरच्या कुठल्याही कॉलेजातून कागद घेऊन आलेल्या मुलीला उद्यापासून औषधं लिहू द्या, असं या अभ्यासांत कुठे म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही.

आपल्याकडे कागदावर बरंच झालं आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आहे. भारतीय परिचर्या परिषदेनं ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, कारण त्यात फक्त वीस टक्के वर्ग आणि ऐंशी टक्के रुग्णाजवळचं काम होतं. म्हणजे विद्यार्थिनी रेसिडेंट डॉक्टरप्रमाणे आयसीयूतच राहून शिकणार, आणि बाहेर पडल्यावर रुग्णालयानं मान्य केलेल्या लेखी स्थायी सूचनांनुसार तपासण्या सांगणार, उपचार सुरू करणार. २०१८ साली केंद्रानं प्रसूतीसेवेसाठीही तशाच सूचना काढल्या. अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका साध्या बाळंतपणांची पूर्ण जबाबदारी घेतील, असं त्यात आहे. तेलंगणानं त्या आधीच हे काम हाती घेतलं होतं. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात तर मधल्या फळीच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मर्यादित परवाना देण्याचं कलमही आहे. आणि नर्सिंग झालेल्या हजारो मुली सहा महिन्यांचा जादा अभ्यासक्रम करून सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून खेड्यांतली आरोग्य मंदिरं, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रं, आज चालवत आहेत. तत्त्व म्हणून हे आता कुणी नाकारत नाही.

अडतं कुठे, हे मी माझ्या विद्यार्थिनीच्या गोष्टीवरून सांगते. हुशार मुलगी, सुदामानगरची. बीएससीनंतर चार वर्षं आयसीयूत काम केलं, मग परराज्यात जाऊन क्रिटिकल केअरचा तो निवासी अभ्यासक्रम केला. परत आली तेव्हा एका मोठ्या खाजगी रुग्णालयानं तिला आनंदानं घेतलं. नेमणूकपत्रावर पद होतं ‘स्टाफ नर्स’. पगारात फरक दीड हजाराचा. स्थायी सूचनांबद्दल विचारल्यावर मेट्रन म्हणाल्या, ‘बेटा, इथे असलं काही नसतं, डॉक्टर सांगतील ते करायचं.’ आठ महिन्यांनी ती एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला गेली. आता ती जर्मन शिकते आहे. मी तिला थांब म्हणू शकले नाही.

परिचारिका परदेशी जातात याची हळहळ आपण अधूनमधून वाचतो. पैसा हे कारण आहेच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना निदान वीस हजार मिळावेत, आणि दोनशेवर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतके. त्यानंतर माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी याहून फार कमी पगारावर सह्या केल्या आहेत. पण ज्या मुली मला तिकडून फोन करतात त्या पगाराबद्दल पहिल्या पाच मिनिटांत बोलून मोकळ्या होतात. उरलेला अर्धा तास त्या काय करायला मिळतं ते सांगतात. ‘मॅडम, इथे राउंडला माझं मत विचारतात.’ हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं असेल.

डॉक्टरांच्या विरोधाकडे वळते. त्याला मी स्वार्थ म्हणून झटकून टाकणार नाही, कारण त्यामागे इतिहास आहे आणि त्याचा एक तुकडा आपल्याच शहरातला आहे. १८७८ साली इंदुरात वैद्यकीय शाळा निघाली. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली. अशा शाळांमधून पदवीऐवजी परवान्याचा छोटा अभ्यासक्रम केलेले एलएमपी डॉक्टर बाहेर पडत. माझ्या आजोळी अजूनही त्यांचं नाव कृतज्ञतेनं घेतात. १९४६ साली देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीनं शिफारस केली की असे दोन दर्जे नकोत, देशात एकाच दर्जाचा डॉक्टर हवा. गरिबाला दुय्यम डॉक्टर आणि श्रीमंताला खरा, ही वाटणी होऊ नये हा त्यामागचा विचार उदात्त होता. आज डॉक्टर मंडळी ‘अर्धवट डॉक्टर तयार करू नका’ म्हणतात तेव्हा त्यात तोच सूर असतो.

पण एकाच दर्जाचा डॉक्टर गावोगाव पोचला नाही. त्याची खुर्ची रिकामी राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं, पण ती रिकामी राहिली नाही. माळवा-निमाडात कुणालाही विचारा, तिथे झोलाछाप, म्हणजे पदवी नसलेला डॉक्टर बसला आहे, ज्याला लोक ‘बंगाली डॉक्टर’ म्हणतात, आणि तो सर्दीलाही सलाईन लावतो. ज्या बाईची गोष्ट मी वर सांगितली तिचा पहिला दवाखाना तसलाच होता. दुसरं म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर हा छोटा डॉक्टर नव्हेच. एलएमपी गावात एकटा उभा असे. ही परिचारिका रुग्णालयाच्या चौकटीत, लेखी सूचनांच्या आत, तज्ज्ञ डॉक्टरच्या सोबतीनं काम करणार. निदानाचा कस जिथे लागतो तिथे डॉक्टरच हवा. पण रुग्ण घसरतो आहे हे पहिल्यांदा कोण ओळखतं? आठ तास त्याच्या उशाशी कोण असतं? जी आधी पाहते तिला पहिलं पाऊल उचलू द्या, एवढीच मागणी आहे. ज्या डॉक्टरांबरोबर मी काम केलं त्यांच्यातल्या चांगल्या लोकांनी रात्री फोनवर मला हेच सांगितलं होतं: ‘सिस्टर, तुम्ही सुरू करा, मी येऊन लिहितो.’ म्हणजे हे चालतंच. फक्त ते तोंडी चालतं. आणि काही बिघडलं की तोंडी शब्दाची जबाबदारी परिचारिकेच्या अंगावर येते. लेखी अधिकारानं रुग्णाचं जितकं संरक्षण होईल तितकंच तिचंही.

मला रात्री जागवणारा आक्षेप वेगळा आहे, आणि तो मध्यप्रदेशात राहणाऱ्या कुणालाही टाळता येणार नाही. आपल्या नर्सिंग शिक्षणाची अब्रू गेल्या काही वर्षांत चव्हाट्यावर आली. इमारती नाहीत, रुग्णालय नाही, एकाच शिक्षिकेचं नाव अनेक कॉलेजांच्या यादीत, असे आरोप उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या आदेशानं सीबीआयनं ३०८ कॉलेजं तपासली. १६९ योग्य ठरली, ७४ मध्ये उणिवा निघाल्या, ६५ अयोग्य. मग मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणाऱ्यांनाच अटक झाली आणि ती १६९ कॉलेजं पुन्हा तपासायचा आदेश निघाला. या सगळ्यात परीक्षा रखडल्या. २०२०-२१ साली प्रवेश घेतलेल्या मुलींनी पहिल्याच वर्षाच्या परीक्षेची वाट बघण्यात वर्षं घालवली. शेतमजुरांच्या मुली होत्या त्यांत, कर्ज काढून फी भरलेल्या. अशा राज्यात परिचारिकेच्या हाती उपचाराचा अधिकार द्या म्हणायला मला जीभ रेटावी लागते, हे मी कबूल करते.

तरी म्हणते, आणि तेही याच कारणानं. खोटं कॉलेज कशावर उभं राहतं? वर्गखोल्यांच्या फोटोवर, हजेरीपटावर, अनुभवाच्या विकत मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर. अशी प्रमाणपत्रं मी हातात धरून पाहिली आहेत. ज्या अभ्यासक्रमात ऐंशी टक्के वेळ चालत्या आयसीयूत जातो, तो फोटोवर चालवता येत नाही. त्याला खाट लागते, खाटेवर रुग्ण लागतो, आणि शिकवणारा माणूस तिथे रात्री तीन वाजता लागतो. म्हणून माझा आग्रह आहे की वरच्या दर्जाच्या कामाचं शिक्षण कॉलेजांच्या हातून काढून मोठ्या शिक्षण रुग्णालयांच्या हाती द्यावं, डॉक्टरांचं पदव्युत्तर शिक्षण तिथेच होतं तसं. प्रवेशाआधी एका वर्षाचा अनुभव मला अपुरा वाटतो. निदान तीन वर्षं हवीत, आणि त्याचा पुरावा पगाराच्या बँक नोंदीतून तपासावा, शिक्क्याच्या कागदावरून नव्हे. माझ्या काही सहकाऱ्यांना ही अट कठोर वाटते. मला नाही वाटत.

एमएससीच्या अभ्यासाबद्दलही बोलायला हवं, कारण ते माझंच घर आहे. आमच्या मुली प्रबंध लिहितात त्यांतल्या बहुतेकांचा साचा एकच असतो: अमुक आजाराविषयी तमुक लोकांच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. आधी प्रश्नपत्रिका, मग तासभर तक्ते दाखवून शिकवणं, मग तीच प्रश्नपत्रिका. गुण वाढतात, कार्यक्रम परिणामकारक ठरतो, प्रबंध बांधून कपाटात जातो. मीही तसाच लिहिला आणि पुढे तसेच लिहून घेतले. पडून राहिल्यानं होणारी दाबव्रणं किती घटली, नळीतून होणारा संसर्ग किती कमी झाला, मधुमेही पाय किती वाचले, हे मोजायला मुलीला वॉर्डात अधिकार लागतो आणि महिनोन्महिने तिथे राहावं लागतं. तिला दोन्ही मिळत नाही. म्हणजे पद नसण्याची झळ शेवटी ज्ञानालाही लागते.

‘आधीच परिचारिका कमी, त्यात चांगल्या मुलींना वर चढवलं तर खालचं काम कोण करणार?’ असं एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रशासकांनी मला विचारलं होतं. सरकारी आकड्यांनुसार आपल्याकडे दर हजार लोकांमागे जेमतेम दोन परिचारिका आहेत, हव्यात तीन. हिशोब म्हणून त्यांचं बरोबर आहे. पण ती चांगली मुलगी आज खाली आहे कुठे? ती वर्गात आहे, परदेशात आहे, किंवा लग्नानंतर घरी आहे. रामबागेतल्या आमच्या घरी मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर वडील चार दिवस बोलले नव्हते. आईनं एवढंच विचारलं होतं, ‘पुढे काय होशील गं?’ डॉक्टर झालेली मुलगी पुढे तज्ज्ञ होते, शिक्षिका झालेली मुख्याध्यापिका होते, हे आईला दिसत होतं. परिचारिका वीस वर्षांनी परिचारिकाच राहते, फार तर इन्चार्ज होऊन चादरींचा हिशोब ठेवते. आज मुली आपल्या आयांकडून तोच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. ज्या कामात पुढची पायरी दिसते त्या कामात माणसं टिकतात.

शिकलेल्या परिचारिकेनं फरक पडतो याचा पुरावाही आहे. युरोपातल्या नऊ देशांत, तीनशे रुग्णालयांतल्या चार लाख बावीस हजारांवर शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल तिथे रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी दिसली. एका परिचारिकेवर एक रुग्ण जास्त पडला की तीच शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. नुसती पदवी पुरत नाही, हातही पुरेसे लागतात. म्हणून स्टाफ नर्सची रिकामी पदं भरणं आणि वरची पदं निर्माण करणं यांत एक आधी, एक मग, असं करता येणार नाही.

१९४७ च्या जुन्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतीसेवा आयोगाचा कायदा संसदेत झाला. दर्जा आणि नोंदणीचे नियम त्याखालीच ठरायचे आहेत. नर्स प्रॅक्टिशनरनं काय करावं आणि काय करू नये, हे त्या नियमांत स्पष्ट शब्दांत यावं. राज्याच्या परिषदेत तिची वेगळी नोंद व्हावी. आणि राज्य सरकारच्या भरतीच्या जाहिरातीत तिचं पद त्याच नावानं, वेगळ्या वेतनश्रेणीसह दिसावं. या शेवटच्या गोष्टीला दिल्लीची वाट बघावी लागत नाही. भोपाळमध्ये एका बैठकीत ती होऊ शकते.

तोवर इंदूरच्या कुठल्याही एका मोठ्या रुग्णालयाला उद्यापासून करता येईल असं एक काम आहे. एक आयसीयू निवडा. तिथल्या अनुभवी, पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या तीन-चार परिचारिकांना रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या पहिल्या तासापुरता लेखी अधिकार द्या: कल्चर काढणं, ठरलेल्या प्रमाणात सलाईन, ठरलेलं पहिलं प्रतिजैविक. सूचना वैद्यकीय अधीक्षकांच्या आणि विभागप्रमुखांच्या सहीच्या असू द्या. एक वही ठेवा. तिच्यात दोनच वेळा लिहायच्या, धोक्याचं पहिलं चिन्ह दिसल्याची आणि पहिला डोस शिरेत गेल्याची. वर्षभरानं त्या दोन वेळांमधलं अंतर काढून बघा, आणि चुका किती झाल्या तेही मोजा. चुका जास्त निघाल्या तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

माझी निवृत्ती अजून काही वर्षं लांब आहे. असं रुग्णालय निघालं तर त्या सूचनांचा मसुदा करायला मी येईन, आणि पहिले तीन महिने रात्रपाळीलाही.